राजाबाईचं लंडनमधलं भावंड

पहिला दिवस, सोमवार

लेकीकडे लंडनला, हॅरोमध्ये येऊन आम्हाला आठ दिवस झाले होते. रविवारी रात्री जेवताना तिनं एकदम सांगून टाकलं, "आई, बाबा, उद्यापासून तीन रात्री तुम्ही दोघं सेंट पँक्रस स्टेशनच्या हॉटेलात राहणार आहात. पैसे भरून झालेत, आता नाही म्हणू नका." आमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली, त्याची ही भेट. किती भरले ते तिनं सांगितलं नाही आणि ह्यांनी मला विचारू दिलं नाही.

तिनं हेच हॉटेल का निवडलं, ते आम्हा दोघांना न सांगता कळलं. मी १९८१ ते ८३ अशी दोन वर्षं इतिहासात एम. ए. करत होते. डोंबिवलीहून लोकलनं व्ही. टी., तिथून चालत विद्यापीठाचं ग्रंथालय. राजाबाई टॉवरच्या पायाशी, वरच्या वाचनालयात बसून रंगीत काचांतून वहीवर पडणाऱ्या निळ्या-तांबड्या उजेडात मी नोट्स काढल्या आहेत. हे मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, चौतीस वर्षं. म्हणजे आमच्या संसाराचं एक टोक राजाबाईशी आणि दुसरं बोरीबंदरशी. राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि शेजारचा दीक्षान्त सभागृह ज्यांनी कागदावर उभा केला, त्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच सेंट पँक्रसचं हे हॉटेल बांधलं. शाळेत इतिहास शिकवताना मी हे वाक्य कितीदा तरी उच्चारलं असेन. ती इमारत डोळ्यांनी पाहण्याची वेळ मात्र आज आली.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस. भुयारातून वर येऊन युस्टन रोडवर पाऊल ठेवलं आणि मान वर केली, तर मी बॅग सोडून तशीच उभी राहिले. लाल विटांचा डोंगरच. त्यावर मनोरे, शिखरं, टोकदार कमानी, उतरत्या छपरांतून डोकावणाऱ्या खिडक्या, दगडी पानाफुलांची वेलबुट्टी, आणि एका कोपऱ्यात घड्याळाचा मनोरा. आदल्या आठवड्यात लंडनमधल्या बऱ्याच इमारती पाहिल्या होत्या. त्या सुंदर होत्या, पण परक्या होत्या. ही इमारत ओळखीची वाटली. आजोळी गेल्यावर कधी न भेटलेली मावशी दारात उभी दिसावी आणि तिच्या नाकावरून, हनुवटीवरून लगेच ओळखावी, तसं झालं.

हे म्हणाले, "अगं, ही तर व्ही. टी.च आहे."

ते अगदीच चूक नाही. व्ही. टी. बांधणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स कामाला हात घालण्यापूर्वी युरोपातली स्टेशनं बघून आले होते, आणि व्ही. टी.वर सेंट पँक्रसची छाया आहे हे जाणकार मान्य करतात. पण व्ही. टी.ला घुमट आहे, जाळ्या आहेत, मोर आणि माकडं आहेत. तिच्या अंगावर हिंदुस्थान चढला आहे. ही थोरली बहीण जास्त काटेकोर, जास्त उंच मानेची.

आत गेल्यावर आमचं सामान घेणाऱ्या मुलानं ह्यांना विचारलं, पहिल्यांदाच आलात का? हे म्हणाले, "हो, पण आमच्या गावी हिचे नातेवाईक आहेत." त्या मुलाला नीट समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, मग फोनवर राजाबाईचा फोटो शोधून काढला आणि बराच वेळ पाहत राहिला.

खोली जुन्या भागात मिळाली. हॉटेलात २४५ खोल्या आहेत, त्यातल्या बहुतेक मागच्या बाजूला नव्यानं बांधलेल्या भागात. जुन्या इमारतीत राहायला मिळतं ते थोड्यांनाच. छत इतकं उंच की डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्या एकीवर एक सहज राहतील. खिडकी टोकदार कमानीची, चौकट जाड लाकडाची, आणि भिंत इतकी रुंद की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता यावं. मी बसलेच. मे महिना असल्यानं पावणेनऊ वाजले तरी उजेड होता. खाली युस्टन रोडवर दुमजली बसगाड्या, आणि आत एवढी शांतता की ह्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. लेकीनं डब्यात दशम्या आणि दाण्याची चटणी दिली होती. पहिल्या रात्री तेच जेवलो.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी सहालाच जाग आली. हे झोपले होते. मी शाल पांघरली आणि एकटीच जिना बघायला बाहेर पडले.

या जिन्याबद्दल सावकाश लिहायला हवं. तळमजल्यावर एक रुंद जिना सुरू होतो, मध्यावर जाऊन तो दोन बाजूंना फुटतो, दोन्ही फाटे वळून पुन्हा वर येतात, आणि असंच वरपर्यंत. पायऱ्यांना खालून आधार देणाऱ्या लोखंडी तुळया झाकलेल्या नाहीत. उलट त्यांच्यावर नक्षी करून त्या उघड्या ठेवल्या आहेत. खालच्या पायरीवर उभं राहून वर पाहिलं की वरच्या जिन्याचं पोट दिसतं, आणि तेही पाठीइतकंच सुंदर. भिंती गडद लाल, त्यावर सोनेरी कमळकळीसारखी आकृती पुन्हा पुन्हा. खिडक्या दोन दोन मजले उंच. सगळ्यात वर दगडी फासळ्यांचं छत, त्यावर आकाश रंगवलेलं, त्यात सोन्याच्या चांदण्या. त्या वेळी जिन्यावर कुणीच नव्हतं. पूर्वेकडून आलेला उजेड पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत होता.

मी कठड्यावर हात ठेवून वर चढले. दर सात-आठ पायऱ्यांनी थांबत होते, गुडघ्यामुळे नव्हे, प्रत्येक थांब्यावरून जिना वेगळा दिसतो म्हणून. राजाबाईच्या शेजारी ग्रंथालयाला आणि सभागृहाला बाहेरून जे गोल दगडी जिने आहेत, ते आठवले. तिथेही स्कॉट यांनी जिना लपवला नाही, इमारतीच्या अंगावर दागिन्यासारखा घातला. चढणं-उतरणं हा इमारतीतला सोहळा आहे असं या माणसाला मनापासून वाटत असलं पाहिजे.

दहा वाजता हॉटेलची माहितीफेरी होती. माहिती सांगणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. आवाज हळू, पण प्रत्येक दगडाशी घरोबा असल्यासारखं बोलत होते. त्यांनी सांगितलेलं आणि मी पूर्वी वाचलेलं जोडून लिहिते.

मिडलँड रेल्वे ही मध्य इंग्लंडातली कंपनी. लंडनला स्वतःचं स्टेशन नाही याची तिला बोच होती. शेजारी किंग्ज क्रॉस १८५२ पासून उभं, पलीकडे युस्टन. या दोघांच्या मधे जागा मिळाली तेव्हा कंपनीनं ठरवलं की बांधायचं तर असं, की दोन्ही शेजारी फिके पडावेत. हॉटेलच्या नकाशासाठी स्पर्धा ठेवली. स्कॉट यांचा नकाशा मागितला होता त्यापेक्षा मोठा आणि महाग होता, तरी तोच निवडला गेला. विटा नॉटिंगहॅमच्या, दगड अँकॅस्टर आणि मॅन्सफिल्डचा, म्हणजे कंपनीच्याच मुलखातला माल, कंपनीच्याच गाड्यांनी आणलेला. ५ मे १८७३ ला पहिला भाग पाहुण्यांसाठी उघडला, तीन वर्षांनी सगळं बांधकाम पुरं झालं. नाव मिडलँड ग्रँड हॉटेल. पाण्याच्या दाबावर चालणारे लिफ्ट होते, प्रत्येक खोलीत शेगडी होती, आगीला दाद न देणाऱ्या काँक्रीटच्या जमिनी होत्या.

पुढे याच काँक्रीटनं घात केला. सुमारे तीनशे खोल्या, आणि न्हाणीघरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या काळी पाहुण्याच्या खोलीत टब आणून ठेवायचे आणि नोकर गरम पाण्याच्या बादल्या वर वाहून न्यायचे. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. विसाव्या शतकात नवी हॉटेलं खोलीखोलीला न्हाणीघर देऊ लागली. इथे ते करायचं तर नळ न्यायचे कुठून? जमिनी फोडता येईनात. १९३५ साली हॉटेल बंद पडलं आणि इमारतीत रेल्वेची कचेरी आली. चांदण्यांच्या छताखाली फायलींची कपाटं लागली, रंगीत भिंतींवर सरकारी रंगाचे हात फिरले.

साठच्या दशकात तर ती पाडायचीच भाषा सुरू झाली. शेजारच्या युस्टन स्टेशनची भव्य दगडी कमान १९६१-६२ मध्ये लोकांनी आरडाओरडा करूनही पाडली गेली होती, आणि तो घाव ताजा होता. कवी जॉन बेट्जमन आणि व्हिक्टोरियन सोसायटीची मंडळी यांनी सेंट पँक्रससाठी लेख लिहिले, सभा घेतल्या, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. नोव्हेंबर १९६७ मध्ये इमारतीला पहिल्या दर्जाचं संरक्षण मिळालं. पण कागदावर संरक्षण मिळालं म्हणून गळणारं छप्पर थांबत नाही. ऐंशीच्या दशकात आगीच्या नियमांत न बसल्यामुळे कचेऱ्याही गेल्या आणि इमारत रिकामी पडली. समुद्राखालच्या बोगद्यातून येणारी पॅरिसची गाडी नोव्हेंबर २००७ मध्ये इथे आणण्यात आली, तेव्हा कुठे हॉटेल पुन्हा सुरू करण्याला अर्थ आला. २०११ च्या मार्चमध्ये पाहुणे यायला लागले आणि समारंभ केला तो ५ मेला. पहिल्या दिवसापासून बरोबर १३८ वर्षांनी.

रंगाचा एकेक थर सुरीनं खरवडत खालचा मूळ रंग कसा शोधला, हे त्या गृहस्थांनी भिंतीजवळ नेऊन सांगितलं, तेव्हा मला आजीची पेटी आठवली. तिच्यातला शालू आपण असाच उलगडतो, घडीवर जोर न देता.

माहितीफेरी संपली ती जुन्या तिकीटघरात. आता तिथे खाणं-पिणं मिळतं. एकेकाळी याच दालनात लोकांनी नॉटिंगहॅमची, लेस्टरची, शेफील्डची तिकिटं काढली. लाकडी भिंतीवर कापडाच्या चुण्या पडाव्यात तसं कोरीवकाम आहे. त्या वर, छताचा भार जिथे भिंतीवर येतो तिथे दगडात कोरलेली माणसं आहेत. देवदूत नव्हेत, राजे नव्हेत. रेल्वेची माणसं. इंजीन चालवणारा, गार्ड, आणि सिग्नलवाला.

हे चहाचा कप तसाच ठेवून उठले. त्या मूर्तीखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. कितीतरी वेळ. चौतीस वर्षं पावसापाण्यात, रात्रपाळीत, कल्याण-कसाऱ्याच्या मधे रुळांकडेला ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली त्या माणसाला आपल्या कामाची मूर्ती दगडात, अशा महालात, अशा उंचीवर बघायला मिळावी! परत येऊन बसले तेव्हा डोळे ओले होते. म्हणाले, "साहेब लोकांनी सिग्नलवाल्याला भिंतीवर बसवलंय, बघ."

आणि तेव्हाच मला आमच्या राजाबाईवरच्या मूर्ती आठवल्या. पण ते पुढे सांगते.

दुपारी स्टेशन पाहिलं, आणि इथे मी गप्प बसले, कारण हे बोलत होते. हॉटेलच्या पाठीला लागून गाड्यांचं जे छप्पर आहे ते स्कॉट यांचं नाही, ते विल्यम हेन्री बार्लो या अभियंत्याचं, १८६८ चं. रुंदी २४० फूट, लांबी जवळजवळ ७०० फूट, उंची १०० फूट, आणि मधे एकही खांब नाही. उभारलं तेव्हा एका कमानीत एवढी रुंदी व्यापणारं छप्पर जगात दुसरं नव्हतं. मी विचारलं, "कमान बाहेरच्या बाजूला फाकत कशी नाही?" ह्यांनी हातातल्या छत्रीची मूठ धरून दाखवलं. "धनुष्याला दोरी असते ना, तशी इथे फलाटांची जमीनच दोरी आहे. जमिनीखालच्या तुळयांनी कमानीची दोन्ही टोकं बांधून धरली आहेत. म्हणून वर आडव्या सळया नाहीत, आकाश मोकळं." कमान वरच्या टोकाला किंचित टोकदार आहे, तेही त्यांनीच दाखवलं.

गाड्या जमिनीपासून इतक्या उंचावर का, याचंही उत्तर आहे. उत्तरेकडे रीजंट्स कॅनॉल आडवा येतो, त्याच्यावरून रूळ आणायचे तर स्टेशन वर उचलावं लागलं. मग खाली जे तळघर मिळालं ते भाड्यानं दिलं बर्टन गावच्या बिअरवाल्यांना. तळघरातल्या लोखंडी खांबांमधली अंतरं बिअरच्या पिंपांच्या मापानं ठरवली. आज त्या खांबांच्या मधे दुकानं आहेत आणि पॅरिसला जाणारे प्रवासी रांग लावतात. आम्ही एका खांबाला हात लावून पाहिला. गार, गुळगुळीत, अजूनही ओझं वाहणारा.

वर फलाटाच्या टोकाला मोठं घड्याळ आहे. ते नवं. जुनं विकलं गेलं होतं, पण उतरवताना निसटून खाली पडलं आणि त्याचे तुकडे झाले. तिथल्याच एका रेल्वे गार्डानं ते तुकडे २५ पौंडांना विकत घेतले, नॉटिंगहॅमशायरमध्ये आपल्या घरी नेले आणि जोडून कोठाराच्या भिंतीवर बसवले. पुढे स्टेशन दुरुस्त करताना नवं घड्याळ बनवणाऱ्यांना त्याच्या घड्याळाचा उपयोग झाला. ही गोष्ट ऐकल्यापासून हे त्या गार्डाबद्दल असं बोलत आहेत जणू तो त्यांच्याच खात्यातला, मागच्या बॅचचा.

जवळच बेट्जमन यांचा पुतळा आहे. पुतळे नेहमी आपल्याकडे बघतात. हा छपराकडे बघतोय. हातानं डोक्यावरची हॅट धरून ठेवलेली, अंगावरचा कोट वाऱ्यानं उडालेला. पुतळा फार उंच चौथऱ्यावर नाही, माणसांच्या गर्दीत उभा आहे. मी त्यांच्या शेजारी उभी राहून, त्यांच्याचसारखी मान करून वर पाहिलं.

संध्याकाळी पंधरा मिनिटं चालत ड्रमंड स्ट्रीटला गेलो. तिथे आपल्याकडची शाकाहारी हॉटेलं आहेत. भेळ खाल्ली, वर चहा घेतला.

तिसरा दिवस, बुधवार

आज पायपीट. स्टेशनच्या मागे जुन्या सेंट पँक्रस चर्चचं आवार आहे. रेल्वेचे रूळ या दफनभूमीच्या एका तुकड्यावरून गेले, तेव्हा थडगी हलवावी लागली. १८६० च्या दशकात त्या कामावर देखरेख करायला वास्तुविशारदाच्या कचेरीतला एक तरुण मदतनीस नेमला होता. तो पुढे मोठा कादंबरीकार झाला, टॉमस हार्डी. एका झाडाच्या बुंध्याभोवती जुनी थडगी दाटीवाटीनं लावलेली होती. ते झाड २०२२ च्या डिसेंबरमध्ये कोसळलं. दगड तसेच आहेत, भोवती फेर धरून, मधे कुणीच नसताना.

त्याच आवारात सर जॉन सोन या वास्तुविशारदाच्या कुटुंबाची समाधी आहे. वरचं छप्पर बसकं, चारी बाजूंनी गोलाई असलेलं. लंडनचा तो लाल टेलिफोनचा खोका आपण चित्रांत पाहतो ना, त्याच्या डोक्याचा आकार या समाधीवरून सुचला असं मानतात. आणि तो खोका रेखाटला सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी. आमच्या राजाबाईवाल्यांचे नातू. आजोबांचं हॉटेल रस्त्याच्या तोंडाशी, नातवाच्या खोक्याचं मूळ त्याच्या पाठीशी, चालत दहा मिनिटांवर.

दुपारी नॉर्दर्न लाइननं चॉक फार्म, तिथून किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेऊन तिथे स्मारक केलं. साधं, चार घरांसारखं घर, दारावर नावाची पाटी. मी चपला काढून आत गेले. बाबासाहेब १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. राजाबाईचे टोले त्यांनीही ऐकले असणार. सेंट पँक्रसचा तो राजेशाही जिना आणि या घरातल्या अरुंद पायऱ्या मी एका दिवसाच्या अंतरानं चढले, आणि माझा हात कठड्यावर जास्त वेळ रेंगाळला तो इथे.

रात्री हॉटेलवर परतलो तेव्हा पाय बोलत होते. टबात गरम पाणी भरलं आणि दीडशे वर्षांपूर्वी हेच पाणी बादलीतून चार मजले वर आणणाऱ्या पोरींची आठवण झाली. त्यांची नावं या इमारतीत कुठे कोरलेली दिसली नाहीत.

तेव्हा आता राजाबाईच्या मूर्तींबद्दल.

स्कॉट हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. नकाशे लंडनमधल्या त्यांच्या कचेरीत, स्प्रिंग गार्डन्सला तयार झाले आणि बोटीनं मुंबईला गेले. सेंट पँक्रसचं हॉटेल आणि मुंबईचं विद्यापीठ, दोन्हींचं काम त्या कचेरीत एकाच सुमाराला चालू होतं. राजाबाईची कोनशिला १ मार्च १८६९ ची, मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये, उंची २८० फूट. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावासाठी. स्कॉटही त्याच १८७८ साली वारले. पूर्ण झालेली राजाबाई त्यांनी पाहिली नाही.

मनोऱ्याच्या अंगावर वर माणसांच्या मूर्ती आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या चोवीस जातीजमातींच्या. त्या घडवण्यासाठी नमुने केले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्यानं. बांधकामावर देखरेखही त्यांचीच. आपला माणूस. लंडनहून आलेला कागद हातात घेऊन कुर्ल्याच्या दगडात मुंबईची माणसं उभी करणारा. त्या कागदावरच्या रेघांना पगडी कशी बांधतात, लुगड्याचा काष्टा कसा बसतो, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते मुकुंद रामचंद्रांना ठाऊक होतं.

मी हे सगळं ह्यांना अंधारात सांगत होते. खिडकीचा पडदा उघडा होता, रस्त्यावरचा उजेड छतावर हलत होता. या हॉटेलात स्कॉट आहेत, बार्लो आहेत, बेट्जमनचा पुतळा आहे, घड्याळवाल्या गार्डाची गोष्टसुद्धा जपलेली आहे. मी दोन वर्षं राजाबाईच्या पायाशी बसले, पुढे तीस वर्षं पोरांना शिकवलं, सहली नेल्या, आणि स्कॉट, स्कॉट एवढंच सांगितलं. मुकुंद रामचंद्रांचं नाव मी वाचलं होतं. वर्गात एकदाही घेतलं नाही. हे मला इथे, त्या दगडी सिग्नलवाल्याखाली चहा पिताना लागलं आणि अजून लागतंय.

हे म्हणाले, "नाव परत सांग."

मी सांगितलं. त्यांनी दिवा लावला, खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं.

चौथा दिवस, गुरुवार

फारसं सांगण्यासारखं नाही. सामान बांधलं. निघण्यापूर्वी जिना पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत उतरले, या वेळी दोघं मिळून. खाली तिकीटघरात ह्यांनी आपल्या सिग्नलवाल्याला हात जोडले. लेक घ्यायला आली होती, तिनं आम्हा दोघांचा जिन्यावर फोटो काढला. मी नऊवारी नेसले होते, मुद्दाम. जिन्याच्या त्या लाल रंगावर माझं मोरपंखी इरकल शोभून दिसलं.

मुंबई, जूनचा दुसरा आठवडा

पाऊस अजून धरत होता, पडत नव्हता. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं व्ही. टी.ला उतरलो आणि चालत ओव्हलच्या बाजूला गेलो. मैदानात पोरांचं क्रिकेट चालू होतं. आम्ही कुंपणाशी उभं राहून लेकीनं दिलेली दुर्बीण आळीपाळीनं डोळ्यांना लावली. काळसर दगडावर आधी काही दिसेना. मग नजर बसली आणि एकेक माणूस दगडातून पुढे आला. एकाची पगडी. एकाचा हात कमरेवर. वर कबुतरं बसलेली.

एक शाळकरी मुलगा आमच्यामागे येऊन थांबला. म्हणाला, "आजी, वर काय बघताय?"

मी त्याच्या हातात दुर्बीण दिली आणि सांगायला सुरुवात केली, मुकुंद रामचंद्रांपासून.